डांबरी चादर गळत नाही, तिचा जोड गळतो

कपड्याच्या व्यापाऱ्याचे दोन दुश्मन. एक आग आणि दुसरे पाणी. आगीची धास्ती सर्वांनाच असते, म्हणून रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खाली करण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. पाण्याचे तसे नाही. ते गाजावाजा न करता येते. गोदामातल्या गाठींच्या मागची भिंत आधी ओली होते, मग आतले तागे ओल पकडतात, आणि सणाच्या तोंडावर गाठ उघडली की काळे ठिपके दिसतात. वास तर आधीच नाकात शिरलेला असतो. असा माल ना कंपनी परत घेते, ना गिऱ्हाईक हात लावते.

माझ्या गोदामावर हा प्रसंग आला, म्हणून या विषयावर लिहायला बसलो. मी बांधकामाचा जाणकार नाही. पण एकच छत दोनदा करून घ्यावे लागले, पैसा दोनदा गेला, आणि त्या दोन खेपांत जे शिकलो ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे. विषय आहे सपाट स्लॅबवर गॅसच्या ज्योतीने डांबरी चादर चिकटवण्याचा. बाजारात याला कोणी मेम्ब्रेन म्हणते, कोणी नुसते 'टॉर्चवाले वॉटरप्रूफिंग' म्हणते.

माळवद ते स्लॅब

आपल्या मराठवाड्याला सपाट छत नवे नाही. आपले आजोबा-पणजोबा माळवदाच्या घरात राहिले. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा किलच, त्यावर पाला आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा. माती टिकत होती ती या दरवर्षीच्या मेहनतीमुळे. पण थरावर थर चढत गेला की ओझेही वाढत जाई. एक फूट जाडीच्या मातीचे वजन चौरस फुटाला ४०-४५ किलोच्या घरात जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे गेली. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती.

त्यानंतर स्लॅबकडे लोकांचा ओढा वाढला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास आपल्याकडे उभे राहिलेले स्लॅब आज पंचवीस वर्षांचे झाले आहेत. मे महिन्यात ४२-४३ अंशांची गरमी, जूनमध्ये एकदम पावसाची सर. तापलेला स्लॅब फुगतो, थंड झाला की आकसतो, आणि दरवर्षी बारीक तडा थोडी पुढे सरकते. लोक काय करतात? वरून आणखी एक कोबा टाकतात. चार इंची कोब्याचे ओझे चौरस फुटाला १८-२० किलो होते. गळती थांबली नाही की त्यावर दुसरा कोबा. म्हणजे माळवदाचीच चूक आपण सिमेंटमध्ये करतो आहोत. डांबरी चादरीचे वजन मात्र चौरस फुटाला अर्धा किलोही भरत नाही. तिचा पहिला फायदा हाच.

चादर म्हणजे काय

डांबरी फेल्ट आपल्याकडे जुने आहे. त्याच्या मालासाठी आणि कामासाठी आयएस १३२२ आणि आयएस १३४६ ही भारतीय मानके आहेत. त्या कामात डांबर भट्टीवर वितळवून छतावर ओतायचे आणि त्यावर फेल्ट पसरायचा. पण नुसते डांबर उन्हात मऊ पडते आणि थंडीत तडकते. १९६० च्या दशकात इटलीत डांबरात एपीपी नावाचे प्लास्टिक मिसळण्याची युक्ती निघाली. त्यामुळे डांबर दीडशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत मऊ पडेनासे झाले. आपल्या उन्हाला हीच जात योग्य. एसबीएस नावाची दुसरी जात रबरासारखी लवचिक असते, ती थंड मुलखाला जास्त मानवते.

कपडेवाल्याला ही चादर समजायला अवघड नाही. तिच्या पोटात एक कापडच असते, पॉलिस्टरचे किंवा काचतंतूंचे. त्याच्या दोन्ही बाजूंना हे डांबर, आणि खालून प्लास्टिकची पातळ झिल्ली. काचतंतूवाली चादर आकार सोडत नाही, पण ओढ बसली की फाटते. पॉलिस्टरवाली ताण सहन करते. हलणाऱ्या, तडा पडणाऱ्या जुन्या स्लॅबला पॉलिस्टरवाली घ्यावी. पन्हा एक मीटर, लांबी दहा मीटर, जाडी तीन किंवा चार मिलिमीटर. टॉर्चच्या कामाला तीनपेक्षा पातळ चादर घेऊच नये, कारण ज्योत आतल्या कापडापर्यंत पोचते. चार मिलिमीटरचा साधा रोल सुमारे ४० ते ४५ किलो भरतो. आपण सूत तोलून घेतो, तसा एखादा रोल काट्यावर ठेवून पाहावा. रोल सावलीत उभे ठेवावेत. आडवे रचले तर खालचे चेपतात आणि मग सरळ उलगडत नाहीत.

पहिली खेप कशी बिघडली

माझे पहिले काम जूनच्या पहिल्या आठवड्यात झाले. वळवाचा पाऊस होऊन गेला होता. ठेकेदाराला पुढच्या कामावर जायचे होते आणि मला मान्सूनची घाई होती. खराट्याने छत झाडले, काळा प्रायमर फासला आणि दुपारी चादर चिकटवायला सुरुवातही झाली. दोन दिवसांत काम फत्ते. दहा वर्षांची हमी तोंडी मिळाली. तो पावसाळा निभावला. पुढच्या उन्हाळ्यात चादरीवर पुरीसारखे फुगे आले, आणि जुलैत कठड्याच्या कोपऱ्यातून व पाइपाच्या बुडातून पाणी आत आले. सुटिंग-शर्टिंगच्या अकरा गाठी खराब झाल्या. हमी देणाऱ्याचा फोन लागला नाही. कागदच नव्हता, तर बोलणार कोणाशी?

दुसऱ्या खेपेला नांदेडकडून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी पट्टीच्या सुरीने एक फुगा चिरला. खालचा स्लॅब ओला होता. मग कडेला जाऊन जोडात करणीचे टोक घातले, तर जोड वहीच्या पानासारखा उघडला. झिल्ली आत तशीच्या तशी होती, वितळलीच नव्हती. ते म्हणाले, "सेठ, चादर बराबर है. चादर नहीं गळती, जोड गळता." मला एकदम आमचाच धंदा आठवला. चांगला कपडा मधोमध कधी उसवतो का? उसवते ती शिवण. मी भाव केला तो कपड्याचा, आणि शिवण कोण कशी घालतो ते पाहिलेच नाही.

आधी छत, मग चादर

म्हणून पहिली गोष्ट, चादर आणण्यापूर्वी छत तयार करावे. जुने पोपडे, सुटलेला गिलावा, शेवाळ काढावे आणि तारेच्या ब्रशने घासावे. तडा खरवडून भरावी. उतार तपासावा. शंभर फुटाला किमान एक फूट उतार पाण्याच्या पाइपाकडे असला पाहिजे. चादर उतार निर्माण करत नाही. जिथे आधी पाणी साचत होते तिथे चादरीवरही साचणार. सळई गंजून खालचा गिलावा पडत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवावे. आजारी स्लॅबवर चादर म्हणजे जखमेवर रफू.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. नवा स्लॅब किंवा नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर जाऊ द्यावा. जुना असेल तर पाऊस झाल्यावर काही दिवस कडक ऊन लागू द्यावे. परीक्षा सोपी आहे. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक घेऊन चारी बाजूंनी चिकटपट्टीने छतावर पक्के बसवावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी खालच्या अंगाला थेंब दिसले तर काम थांबवावे. ही ओल चादरीखाली कोंडली की उन्हात तिची वाफ होते, आणि वाफ चादर उचलते. माझे फुगे असेच आले होते. म्हणून आपल्या भागात या कामाचा मोसम एप्रिल-मे. मृग तोंडावर आल्यावर ठेकेदार शोधणाऱ्याला ओल्या छताचेच काम मिळते.

तिसरी गोष्ट गोलाई. छत आणि कठडा जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नये. सिमेंट-वाळूची दोन इंची गोलाई किंवा तिरपी पट्टी करून घ्यावी. काटकोनात चादर वाकवली की मागे पोकळी राहते आणि पाय पडला की तिथेच फाटते.

यानंतर प्रायमर. एका लिटरमध्ये साधारण चार-पाच चौरस मीटर भागते. तो रात्रभर सुकू द्यावा. हाताला चिकटत नाही असे झाले म्हणजे सुकला. ओल्या प्रायमरवर ज्योत लावणे म्हणजे रॉकेलवर काडी टाकणे, कारण त्यात पेट घेणारा पातळ द्रव असतो.

ज्योत लावताना

चादर नेहमी सर्वांत सखल जागेपासून, म्हणजे पाइपाच्या बाजूने घालायला घ्यावी आणि वर सरकत जावे. कौले घालताना खालची आधी आणि वरची तिच्या अंगावर, तसेच हे. मग वरून येणारे पाणी जोडावरून घसरून जाते, जोडात शिरत नाही. रोल आधी पूर्ण उलगडून रेषेत धरावा, मग अर्धा परत गुंडाळून खालून ज्योत द्यावी. ज्योत एका जागी धरू नये, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत राहावी. झिल्ली वितळून डांबर चकचकीत झाले आणि रोलच्या पुढे ओलसर काळी रेघ सरकू लागली, की रोल पुढे ढकलावा. कमी आच दिली तर झिल्ली तशीच राहते आणि चादर नुसती टेकलेली असते. जास्त दिली तर धूर सुटतो, डांबर ओघळते आणि आतले कापड उघडे पडते. हा अंदाज हातालाच येतो, पुस्तकाने येत नाही.

आता मुख्य मुद्दा, जोड. दोन चादरींचा लांबीकडचा जोड दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडा जास्त. टोकाकडचा जोड पंधरा सेंटिमीटर. टोकाचे जोड विटांच्या थरासारखे मागे-पुढे यावेत, एका रेषेत येऊ नयेत. तीन पदर एकावर एक येतात तिथे मधल्या चादरीचा कोपरा तिरपा कापावा, नाहीतर तिथे उंदराच्या बिळाएवढी फट राहते. जोडाला वेगळी आच द्यावी, दोन्ही पृष्ठभाग वितळवावेत आणि गरम थापीने दाबावे. जोडाच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक सलग मगजी बाहेर आली पाहिजे. शिंपी भाई मगजी म्हणजे काय ते जाणतातच. जिथे मगजी तुटली, तिथे जोड तुटला. मालकाने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण संध्याकाळी प्रत्येक जोडावरून चालत ही मगजी पाहावी. जोड थंड झाल्यावर करणीचे टोक घालून पाहावे. आत गेले तर तो भाग पुन्हा तापवून घ्यावा.

कठड्यावर चादर निदान सहा इंच वर चढवावी. तिथे गिलाव्यात एक इंचाची खाच पाडून चादरीचे टोक आत घालावे आणि भरून टाकावे. नुसती भिंतीला चिकटवून सोडली तर भिंतीवरून उतरणारे पाणी तिच्या पाठीमागे जाते. पाइपाच्या तोंडाशी आधी एक वेगळा तुकडा खाली घालावा, मग मुख्य चादर पाइपाच्या आत वळवावी आणि वर जाळी बसवावी. गळतीच्या दहा जागा शोधा, बहुतेक कोपरा, कठडा आणि पाइप यांच्याच आसपास सापडतील.

पाऊण रोलाची बेइमानी

व्यापाऱ्याने हिशेब केला नाही तर लेख अपुरा राहील. रोल दहा चौरस मीटरचा, पण दहा मीटर झाकत नाही. जोडात दहा सेंटिमीटर पन्हा आणि पंधरा सेंटिमीटर लांबी जाते. उरतात सुमारे ८.८६ चौरस मीटर. पंचवीस बाय चाळीस फुटांचे छत म्हणजे दहा ब्रास, साधारण ९३ चौरस मीटर. त्याला साडेदहा रोल लागतात. चारी बाजूंचा कठडा १३० फूट, म्हणजे जवळपास ४० मीटर. त्याला फूटभर रुंदीची पट्टी धरली तर आणखी सव्वा ते दीड रोल. एकूण बारा, आणि तुकड्यांसाठी एखादा जास्त.

आता कोणी दहाऐवजी पाच सेंटिमीटरचेच जोड घातले तर काय वाचते? साडेदहाऐवजी पावणेदहाच्या आसपास रोल लागतात. म्हणजे साऱ्या छतामागे पाऊण रोलही पुरता वाचत नाही. एवढ्यासाठी अख्खे काम धोक्यात. घासाघीस करून भाव तोडणाऱ्या मालकानेही हे लक्षात घ्यावे. भाव फार तोडला की मिस्त्री चादर पातळ करू शकत नाही, ती कारखान्यातून आलेली असते. तो जोड आखूड करतो, प्रायमर पातळ करतो आणि सुकण्याची रात्र वाचवतो. हे तिन्ही वरून दिसत नाही. म्हणून सौदा करताना जाडी, आतले कापड, जोडाचे माप, कठड्याची उंची आणि भाव झाकलेल्या जागेचा की लागलेल्या मालाचा, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. पक्के बिल घ्यावे. हमी कशाची, चादरीची की कामाची, हेही लिहून घ्यावे, कारण कंपनी मालाची हमी देते आणि गळतो तो जोड.

आगीची खबरदारी

पाण्याला अडवण्यासाठी या कामात आगीला घरी बोलवावे लागते, हे विसरू नये. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात बांधकाम चालू असलेल्या मोठ्या अधिवेशन भवनाच्या छताला आग लागली. छतावर चादर चिकटवण्यासाठी वापरलेल्या गॅसच्या टॉर्चमुळे ती लागली होती. छताच्या थरात पेंढ्याचे दाबलेले पाट होते, आग आत शिरली आणि विझवायला अनेक दिवस गेले. जिथे साधने आहेत, कायदे कडक आहेत, तिथे हे घडले. आपल्या छताखाली तर कापूस, कपडा, कागद आणि पुठ्ठा असतो.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. लाकडी माळवदावर किंवा लाकडाच्या फळ्यांवर टॉर्च लावू नये. तिथे बिनज्योतीची, स्वतः चिकटणारी चादर किंवा दुसरा उपाय पाहावा. छताखालच्या मजल्यावरचा माल हलवावा, निदान भोके आणि भेगांच्या खालचा तरी. कठड्याच्या खाचांतली पारव्यांची घरटी, वायरी आणि प्लास्टिकचे पाइप आधी पाहून ठेवावेत. पेटता टॉर्च जमिनीवर ठेवून चहाला जाऊ नये. दोन अग्निशामक नळकांडी आणि वाळूच्या बादल्या छतावरच हव्यात, खाली दुकानात नव्हे. सिलिंडर उभा आणि कामापासून दूर ठेवावा. नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जिन्यात आणि गटारात साचतो. गॅस कमी येतो म्हणून सिलिंडरला ज्योत दाखवण्याची सवय काही जणांना असते, ती जिवावरची आहे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरणे बेकायदा आहे, १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा. काम संपल्यावर लगेच कुलूप लावून जाऊ नये. निखारा आतल्या आत धुमसत राहू शकतो, म्हणून परदेशात चांगले कारागीर शेवटच्या ज्योतीनंतर दोन तास पहारा ठेवतात. आपणही ठेवावा.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातली. टॉर्च धरणाऱ्याने पॉलिस्टरचा शर्ट घालू नये. तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. पूर्ण बाह्यांचा जाड सुती कपडा, कातडी हातमोजे आणि बंद बूट घालावेत. गरम डांबर अंगावर पडलेच तर भरपूर थंड पाणी ओतत राहावे. चिकटलेले डांबर ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी येते. तसेच दवाखान्यात न्यावे. ठेकेदार मजुराला हातमोजे देत नसेल तर मालकाने आणून द्यावेत. आपल्या छतावर काम करणारा माणूस आपली जिम्मेदारी आहे.

पाण्याची परीक्षा

काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून छतावर पाणी उभे करावे आणि निदान ४८ तास ठेवावे. पण आधी ओझ्याचा विचार करावा. दहा ब्रास छतावर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार टनांहून जास्त वजन. स्लॅब जुना असेल तर इंजिनिअरला विचारून पाणी कमी उभे करावे किंवा एकेक भाग तपासावा. माझ्या दुसऱ्या खेपेला त्या मिस्त्रींनी स्वतःहून पाणी भरले. दुसऱ्या दिवशी एका पाइपाच्या बुडाशी खालून ओल दिसली. मी काही बोलण्याआधीच त्यांनी पाणी उतरवले, दोन दिवस ऊन लागू दिले, तो भाग कापून नवा केला आणि पुन्हा पाणी भरले. चार दिवसांची मजुरी त्यात गेली, ती त्यांनी मागितली नाही. मी दिली. रकमेचा काही भाग मी पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवला होता. तो ठरल्या दिवशी पोचता केला. हमी दोन्ही बाजूंनी पाळावी लागते.

परीक्षा झाली की चादरीचे उन्हापासून रक्षण करावे. साधी काळी चादर उघडी ठेवली तर ऊन तिला हळूहळू खाते. एक तर वरून दगडी कणी लावलेली चादर घ्यावी, नाहीतर चंदेरी अॅल्युमिनियमचा रंग द्यावा आणि काही वर्षांनी तो पुन्हा मारावा. ज्या गच्चीवर वावर आहे तिथे सिमेंटचा पातळ थर किंवा फरशी हवी. आपल्याकडे गच्चीवर बाजा टाकून झोपतात, पापड-कुरडया आणि मिरच्या वाळवतात, पाण्याची टाकी सरकवतात, डिशचा खांब ठोकतात. बाजेचा एक पाय किंवा एक खिळा साऱ्या खर्चावर पाणी फिरवू शकतो. उघड्या चादरीवरून आलेले पावसाचे पाणी पिण्यासाठी साठवू नये.

कारागीर बंधूंसाठी

शेवटी दोन शब्द कारागिरांसाठी. या कामाला भांडवल फार लागत नाही. टॉर्च, नळी, रेग्युलेटर, थाप्या, सुऱ्या आणि सोबत दोन भरवशाची माणसे. लागतो तो हात आणि सबुरी. वसमतच्या हळदीच्या गोदामापासून हिंगोलीच्या कापड दुकानापर्यंत सपाट स्लॅब किती आहेत ते सर्वांना दिसते. माझ्या कामाला माणूस बाहेरच्या जिल्ह्यातून बोलवावा लागला. वेल्डिंग, गवंडीकाम आणि रंगकाम करणाऱ्या आपल्या मुलांनी एक मोसम चांगल्या उस्तादाच्या हाताखाली काढला, तर हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे. पण ते 'चादर चिकटवणे' म्हणून शिकू नये, 'जोड घालणे' म्हणून शिकावे.

माझ्या छताला आता तीन पावसाळे झाले. जून लागण्यापूर्वी मी स्वतः वर जातो, जाळीतला पाला काढतो, कठड्याची खाच पाहतो आणि प्रत्येक जोडावरून बोट फिरवतो. अर्धा तास लागतो. आजोबा माळवदावर माती टाकत, त्या मानाने हे काहीच नाही. यंदा आपणही मृगाआधी एकदा वर जाऊन यावे.